चार बाटल्यांची बेरीज कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमचा पेपर उघडला आणि घडीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक खाली पडलं. ते तुम्ही छापलेलं नाही हे मला माहितीय, वाटणारे मधे घालतात, त्यामुळे तुमच्यावर राग नाही. पण त्यावर जे लिहिलंय ते वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही म्हणून हे पत्र. "स्मरणशक्ती कॉम्बो", चार बाटल्या एकत्र घेतल्या तर सवलत, सकाळी एक दुपारी एक संध्याकाळी एक आणि रात्री झोपताना एक. खाली एका बाजूला चष्मा लावलेला मुलगा पुस्तक घेऊन आणि दुसऱ्या बाजूला हसणारे आजोबा. म्हणजे तीच चार बाटल्यांची पेटी सतरा वर्षांच्या मुलालाही आणि पंच्याहत्तरीच्या माणसालाही. आत काय तर गिंको म्हणजे एका परदेशी झाडाच्या पानांचा अर्क, ब्राह्मी, अश्वगंधा, ओमेगा-३ आणि एका कॅप्सूलमध्ये कॅफीन आणि थिअनिन, म्हणजे चहाच्या पानातला एक घटक.

मी देवगड तालुक्यात बावीस वर्षं मेडिकल चालवते, स्वतः फार्मासिस्ट आहे. सप्लिमेंट मी पण विकते, लपवत नाही. ही सगळी विषं आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की एकेक बाटली बघायला गेलं तर ठीक असते, पण चार बाटल्या, त्यात डॉक्टरने दिलेल्या गोळ्या, त्यात चहा-कॉफी, ह्याची एकत्र बेरीज कोणीच करत नाही. कंपनी आपल्या बाटलीपुरतं बघते, डॉक्टर आपल्या चिठ्ठीपुरतं, आणि घरच्यांना तर हे औषध आहे हेच मान्य नसतं. काउंटरवर रोज ऐकते मी, "ताई, ह्या काय औषध नाय गो, पावडर आसा."

हे मी आमच्याच घरात बघितलंय म्हणून इतक्या पोटतिडकीने लिहितेय.

आमच्या सासऱ्यांना, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ राहण्याची वॉरफरिनची गोळी चालू आहे. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना ठाऊक असेल, दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करायची आणि तो आकडा साधारण २ ते ३ च्या मधे ठेवायचा. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. आबांचा आकडा वर्षानुवर्षं सरळ होता. मग गणपतीला मुंबईचे भावोजी आले, पेढ्याच्या मोदकांबरोबर तीन बाटल्या घेऊन आले. आबा हल्ली नावं विसरतात हे फोनवर बोललो होतो ना आम्ही, तेवढ्यावरून. एकात गिंको, एकात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, एकात हळदीचा अर्क म्हणजे कर्क्युमिन. प्रेमाने आणलेल्या, महागाच्या. मी बाटल्या हातात घेऊन बघितल्या, एक्सपायरी बघितली, सील बघितलं, आणि फळीवर ठेवल्या. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या मला वॉरफरिनची आठवण त्या क्षणी झाली नाही, कारण घरात पाहुणे, नैवेद्य, आरती, आणि माझ्याही मनात कुठेतरी ते "औषध" नव्हतंच. ह्याची खंत अजून जात नाही.

पाचेक आठवड्यांनी आबांची दाढ काढायची ठरली. डेंटिस्टने विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, आम्ही वॉरफरिन सांगितली, त्यांनी रिपोर्ट मागितला, रिपोर्ट महिन्यापूर्वीचा आणि अगदी व्यवस्थित. ह्या तीन बाटल्यांचं नाव ना त्यांनी विचारलं ना आम्ही घेतलं. दाढ दुपारी काढली आणि रात्री अकरा वाजले तरी रक्त थांबेना. कापूस भरून भरून उशी लाल झाली, आबा आपले एकच, "माका काय एक होवचा नाय, तुमी निजा." शेवटी रात्री दीडला शेजारच्या पोराची गाडी काढून कणकवलीला नेलं, तिथे आयएनआर बघितला तर ४.६. व्हिटॅमिन के दिलं, टाके घातले, दोन दिवस ठेवून घेतलं, देवाच्या कृपेने निभावलं.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते, वाढवून नाही. ते म्हणाले ह्या तिघांपैकी नेमकं कोणी केलं हे सांगता येणार नाही. गिंको आणि वॉरफरिन ह्यावरचे सगळे अभ्यास एक सुरात बोलत नाहीत, निरोगी लोकांवर केलेल्या छोट्या चाचण्यांत फारसा फरक दिसला नाही, पण रुग्णांच्या बाबतीत रक्तस्रावाच्या नोंदी आहेत. हळदीच्या अर्काचंही तसंच. माशाच्या तेलाने एकट्याने मोठा फरक पडत नाही सहसा. पण तिन्ही एकत्र, वर वॉरफरिन, आणि वर दाढ काढायची, असा प्रयोग मुद्दाम कोणी केलेला नाही आणि करणारही नाही. तो प्रयोग आम्ही आबांवर केला, घरच्या घरी, न कळत. (आमटीतल्या हळदीने काही होत नाही, हे पण त्यांनी सांगितलं, कारण आमच्या सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीपासून हळदच बंद केली होती. आमटीतली चमचाभर हळद आणि कितीतरी पट दाट केलेला अर्क ह्यात फरक आहे.)

आणि ज्या गिंकोवर एवढी भिस्त होती त्याने आबांना नावं आठवली असती का? अमेरिकेत ह्यावर एक मोठा अभ्यास झाला होता, ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ३,०६९ लोकांवर, रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम गिंको, कितीतरी वर्षं, आणि २००८ मध्ये निकाल आला की स्मृतिभ्रंश टाळायला त्याचा उपयोग झाला नाही, गिंकोवाले आणि नुसती कोरी गोळीवाले सारखेच. पत्रकावर हे कुठे लिहिलेलं नसतं.

नंतर आबांच्या विसराळूपणाची तपासणी नीट केली तेव्हा काय निघालं तर बी१२ कमी, आणि कानाला कमी ऐकू येत होतं म्हणून नाव नीट ऐकूच जात नव्हतं तर आठवणार कुठून. शिवाय ते रोज रात्री सर्दीची एक गोळी घेत होते, नाक चोंदतं म्हणून, अनेक महिने. त्या जुन्या प्रकारच्या सर्दीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांचं डोकं जड करतात, विसरायला लावतात, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एका गोळीने स्मरणशक्ती खाली ओढायची आणि दुसऱ्या तीन बाटल्यांनी वर ढकलायची असं चाललं होतं. सर्दीची गोळी बंद केली, बी१२ दिलं, कानाला मशीन लावलं. आज आबा पत्त्यात सगळ्यांना हरवतात.

आता मुलांबद्दल. कोकण बोर्ड म्हणजे आपला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, २०१२ पासून वेगळं झालं तेव्हापासून दहावी-बारावीत आपण राज्यात पहिले. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१. अभिमान आहे, का नसावा. पण जिथे सगळेच पास होतात तिथे पास होण्याला किंमत राहत नाही, मग नीट, जेईई, सीईटी, आणि जानेवारी उजाडला की काउंटरवर आयांची रांग, "डोक्यासाठी काहीतरी चांगलं द्या." मला त्या आयांचा राग येत नाही. होडीवर जाणाऱ्या माणसाच्या बायकोला वाटतं की पोराने समुद्रावर जाऊ नये, त्यासाठी ती पापलेटच्या पैशातून दीड हजाराची बाटली घेते.

मागच्या वर्षी बारावीतला एक मुलगा आला, हात थरथरत होते, छातीत धडधडतं म्हणाला, काहीतरी गोळी द्या. मी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं काल काय काय घेतलंस ते सगळं सांग. ऑनलाइन मागवलेली कॅफीनची कॅप्सूल, २०० मिलिग्रॅमची. दोन एनर्जी ड्रिंक, आपल्याकडच्या नियमात एका लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं म्हणजे २५० मिलीच्या एका कॅनमध्ये ७५, दोन कॅन १५०. रात्री आईने केलेली कॉफी, त्यात सुमारे ७०. झाले ४२०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ४०० सांगितलीय आणि मुलांसाठी वजनाच्या एका किलोला ३ मिलिग्रॅम. हा मुलगा पन्नास किलोचा असेल नसेल, म्हणजे १५०. जवळजवळ तिप्पट गेलं पोटात, आणि त्याला वाटत होतं की त्याने "एकच गोळी" घेतलीय! कॅनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लहान मुलांनी, गरोदर बायकांनी घेऊ नये, ते वाचायला भिंग लागेल.

तो म्हणाला, पण ताई त्या कॅप्सूलमध्ये थिअनिन पण आहे, ते कॅफीनला बॅलन्स करतं. हे सगळ्या पोरांना पाठ आहे. काही छोट्या अभ्यासांत दिसलंय की थिअनिनने अस्वस्थपणा थोडा कमी वाटतो, असेल, पण पोटातलं कॅफीन त्याने कमी होत नाही, ४२० चे ४२०च राहतात. आणि कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, रात्री दहाला घेतलं तर पहाटे तीनला अर्धं अंगात फिरतंय. दिवसभर वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत. मग झोप घालवून पाठांतर करायचं म्हणजे फुटक्या कळशीने विहिरीचं पाणी शेंदण्यासारखं आहे.

त्याहून मोठी भीती मला वाटते ती फिट्सची गोळी चालू असलेल्या मुलांची. एक बाई माझ्याकडे शंखपुष्पीचं सिरप मागायला आल्या, मुलीची दहावी म्हणून, आणि त्याच चिठ्ठीवर मुलीची फेनिटॉइनची गोळी. मी सिरप दिलं नाही. का, तर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली छापलेलं आहे, त्यांच्या दोन पेशंटना फेनिटॉइन चालू असताना अचानक पुन्हा फिट्स यायला लागल्या, रक्तातली औषधाची पातळी उतरलेली, आणि दोघेही शंखपुष्पीचं सिरप घेत होते. मग त्यांनी उंदरांवर करून बघितलं तर दोन्ही रोज बरोबर दिल्यावर खरंच फेनिटॉइनची पातळी आणि असर दोन्ही कमी झाले. तीस वर्षांहून जास्त झाली ह्याला, आपल्याच मुंबईत झालेलं काम, आणि आजही कितीजणांना माहिती आहे? त्या बाई माझ्यावर रागावून गेल्या, दुसऱ्या दुकानातून सिरप घेतलं असेल बहुतेक. मी त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं.

नावांचाही गोंधळ आहे. आपल्याकडे विहिरीच्या कडेला, पाटाच्या ओलीत गोल पानांची वेल पसरते तिला आपण ब्राह्मी म्हणतो, कोणी कारिवणा म्हणतं, ती मंडूकपर्णी. कॅप्सूलमध्ये असते ती बहुतेक वेळा दुसरीच, छोट्या मांसल पानांची जलब्राह्मी. दोन्ही चांगल्या वनस्पती पण दोन्ही वेगळ्या, गुण वेगळे, त्रास वेगळे. शंखपुष्पी म्हणून तर देशात तीन-तीन वनस्पती विकल्या जातात, त्यातली एक आपल्या कुंपणावरची गोकर्ण. मग आजीने दिलेली ब्राह्मी कधी बाधली नाही म्हणून बाटलीतली पण बाधणार नाही हा हिशेब बसत नाही. जलब्राह्मीने पुष्कळांचं पोट बिघडतं, मळमळतं. आणि स्मृतिभ्रंशाची डोनेपेझिल गोळी चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण दोघांचं काम एकाच दिशेने चालतं असं दिसतं.

अश्वगंधेबद्दल लिहिलं की लोक चिडतात, परदेशी लोकांचं ऐकता म्हणतात. मी वैद्यांचा मान राखते, माझ्या माहेरी वैद्यकी होती. पण वैद्य नाडी बघून, प्रकृती बघून, अमुक दिवस पूड दुधातून देतात ते वेगळं, आणि घट्ट अर्काची कॅप्सूल ऑनलाइन मागवून वर्षभर घेणं वेगळं. अश्वगंधेच्या अशा उत्पादनांनंतर कावीळ झालेल्या, लिव्हर सुजलेल्या लोकांच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि आपल्या भारतातूनही छापून आल्यात. प्रमाण थोडं आहे, पण आहे. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी विशेष सांभाळावं कारण अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि आमच्याकडे थायरॉइडची गोळी न घेणारं घर आता सापडत नाही. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी जास्त येते. पत्रकावर रात्रीची बाटली अश्वगंधेची आहे आणि आजोबांचा फोटो शेजारीच.

बी६ चं सांगते आणि थांबते, कारण हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. बी व्हिटॅमिन म्हटलं की जास्तीचं लघवीतून निघून जातं असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचे. बी६ च्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. १९८३ मध्येच डॉक्टरांनी सात जणांबद्दल लिहून ठेवलंय, खूप जास्त बी६ घेऊन त्यांच्या नसा खराब झाल्या, हातपाय बधिर, चालताना तोल जायचा. युरोपने २०२३ मध्ये मोठ्या माणसाची रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आता बघा, मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी६, नसांच्या गोळीत बी६, ब्रेनच्या कॅप्सूलमध्ये बी६, मॅग्नेशियमच्या गोळीत बी६, एनर्जी ड्रिंकमध्ये बी६. काहीत ३ मिलिग्रॅम, काहीत १०, काहीत ४० किंवा सरळ १००. आमच्या वाडीतल्या एक काकू पायाला मुंग्या येतात म्हणून ह्यातल्या तीन गोळ्या घ्यायच्या, मुंग्या वाढल्या म्हणून चौथी मागायला आल्या. चौथी देण्याआधी मी पेन काढलं आणि बेरीज केली, १५० मिलिग्रॅम रोज. डॉक्टरांनी सगळं बंद केलं, सात-आठ महिन्यांनी मुंग्या पुष्कळ कमी झाल्यात.

कायद्याचं म्हणाल तर एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ह्या डब्यांवर "हेल्थ सप्लिमेंट" आणि "नॉट फॉर मेडिसिनल यूज" म्हणजे औषध म्हणून वापरू नये असं लिहावंच लागतं. इंग्रजीत लिहितात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण ते वाचणार? चौदा आकडी लायसन्स नंबर असतो तो दाखवून पोरं मला म्हणतात बघा सरकारमान्य आहे. तो नंबर बनवणाऱ्याला परवाना आहे एवढंच सांगतो, त्याने स्मरणशक्ती वाढते हे कोणी तपासलंय असं नाही. आणि बाहेरून कुरिअरने येणाऱ्या पुड्यांवर तर तोही नसतो. अमेरिकेत २०२० मध्ये डोक्यासाठी म्हणून विकली जाणारी दहा सप्लिमेंट प्रयोगशाळेत तपासली तर त्यात पाच अशी औषधं निघाली ज्यांना तिथे मान्यताच नाही, आणि काही डब्यांत एकापेक्षा जास्त. म्हणजे लेबल वाचून बेरीज करणाऱ्याचीही बेरीज चुकणार.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. डॉक्टरांना हात जोडून विनंती की "गोळ्या कुठल्या चालू आहेत" असं विचारू नका, "बाटलीतलं, पुडीतलं, ऑनलाइनचं काय काय पोटात जातं" असं विचारा, आणि विचारल्यावर रागावू नका, रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत. ऑपरेशन किंवा दाढ काढण्याआधी तर नक्की विचारा. शाळा-कॉलेज आणि क्लासवाल्यांना विनंती की परीक्षेच्या दिवसांत अशी पत्रकं आवारात वाटू देऊ नका. माझ्यासारख्या मेडिकलवाल्यांनी बिल करण्याआधी एक प्रश्न विचारावा, रांग दोन मिनिटं थांबली तर थांबू दे. आणि चाकरमान्यांनो, आईवडिलांसाठी बाटली आणायचीच तर आणण्याआधी त्यांच्या चालू गोळ्यांचा फोटो मागवून आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवा. ज्यांच्या घरात आधीच बाटल्या साठल्यात त्यांनी सगळ्या एका पिशवीत भरून पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी, नावं आठवायची गरज नाही. पण ह्या पत्रामुळे घाबरून डॉक्टरने दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने कोणी बंद करू नका, वॉरफरिन आणि फिट्सची गोळी तर अजिबात नाही.

तुम्हाला एक विनंती, काही घेतल्यावर त्रास झाला तर सामान्य माणूससुद्धा सरकारच्या औषध दुष्परिणाम नोंदणीला कळवू शकतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, तो ठळक अक्षरात छापा. आबांचं मी कळवलं आहे.

ते पत्रक मी फाडलं नाही. काउंटरच्या काचेखाली ठेवलंय, आणि कोणी तेच कॉम्बो मागायला आलं की त्याच्या घरच्या गोळ्या विचारून पत्रकाच्या कडेला पेनाने बेरीज करून दाखवते. रविवारपासून आज गुरुवारपर्यंत सहा जण झाले. चौघे परत गेले, एकाने घेतलंच, आणि एक आजी पिशवी आणायला घरी गेल्यात, अजून यायच्यात.

आपली नम्र,
एक मेडिकल दुकानदार, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये ही विनंती)